पापाचे वाटेकरी

गेल्या एकादशीस कीर्तन आटोपल्यावर नेहमीप्रमाणे दहापंधरा मंडळी सभामंडपात बसली होती. प्रसाद वाटून झाला होता, दिवे मंद केले होते, आणि बोलता बोलता विषय अमेरिकेवर आला. आपल्या सभासदांपैकी कित्येकांचे मुलगे, लेकी, जावई त्या देशी नोकरीस आहेत. त्यामुळे तिकडची वार्ता आपल्याकडे आता परकी राहिलेली नाही. ज्यांची कन्या न्यू जर्सीत असते असे एक गृहस्थ सांगू लागले, की तिकडे मोठा उपचार करावयाचा तर डॉक्टरांच्या आधी विम्याच्या कंपनीचा होकार पाहावा लागतो. त्यावरून २०२४ सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्क शहरी झालेल्या हत्येची गोष्ट निघाली. तेव्हा आमच्याच वयाचा एक मित्र म्हणाला, "बरे झाले. कोणीतरी हे करावयासच हवे होते."

दोघेतिघे हसले. खरे सांगावयाचे तर आम्हीही मनातल्या मनात हसलो. आमचे तीर्थरूप बाजूस बसून पोथीचे बासन बांधीत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "अरे, मेला त्याचे नाव काय?"

आरोपीचे नाव सर्वांस ठाऊक होते. मृताचे नाव कोणासही सांगता येईना. तीर्थरूपांनी बासनाची गाठ मारली आणि ते शेजारतीच्या तयारीस आत गेले. तो प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. त्यावर गेले काही दिवस जे मनन घडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम घडले ते सांगतो. मृताचे नाव ब्रायन थॉम्पसन. वय पन्नास वर्षे. आयोवा राज्यातील एका लहान गावात वाढलेला हा मनुष्य. त्याचे वडील धान्य साठविण्याच्या केंद्रात काम करीत. हिशेबनीस म्हणून शिकून तो पुढे युनायटेड हेल्थकेअर ह्या अमेरिकेतील अतिशय मोठ्या आरोग्यविमा कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. त्यास दोन मुलगे होते. ४ डिसेंबर २०२४ रोजी पहाटे पावणेसातच्या सुमारास कंपनीच्या गुंतवणूकदारांच्या वार्षिक सभेसाठी तो मॅनहॅटनमधील हिल्टन हॉटेलकडे पायी जात असता मागून आलेल्या एका इसमाने त्याजवर गोळ्या झाडल्या. तेथे सापडलेल्या काडतुसांच्या टोपणांवर विलंब, नकार आणि पदच्युती अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिलेले आढळले. विमा कंपन्या दावे कसे टाळतात ह्याविषयी जे फाइनमन ह्या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० साली एक पुस्तक लिहिले होते. त्याच्या नावातील शब्दांशी हे शब्द मिळतेजुळते होते.

पाच दिवसांनी, ९ डिसेंबर रोजी, पेनसिल्व्हेनिया राज्यातील अल्टूना गावी एका उपाहारगृहात सव्वीस वर्षांच्या एका तरुणास अटक झाली. त्याच महिन्यात त्याने न्यायालयापुढे आपण निर्दोष असल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयाने त्याच्यावरील दहशतवादासंबंधीचे आरोप रद्द केले. हत्येचा आरोप मात्र कायम ठेवला. तो दोषी की निर्दोष हे ठरविणे न्यायासनाचे काम होय, आमचे नव्हे. म्हणून ह्या लेखात आम्ही त्याचे नाव घेत नाही. आणि जेथे 'मारणारा' असे म्हटले आहे, तेथे ज्याने कोणी ती गोळी झाडली तो, एवढाच अर्थ वाचकांनी घ्यावा.

परंतु हत्येपेक्षाही जगास चकित केले ते नंतरच्या प्रतिसादाने. कंपनीने शोक व्यक्त केला, तर त्याखाली हजारो लोकांनी हसण्याच्या खुणा उमटविल्या. आरोपीच्या बचावासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक निधी गोळा झाला. एमर्सन कॉलेजने त्याच महिन्यात लोकमताची पाहणी केली. तीत एकंदर मतदारांपैकी ६८ टक्क्यांनी हे कृत्य अस्वीकार्य मानले. परंतु तीस वर्षांखालील तरुणांत ते काही अंशी वा पूर्णतः स्वीकार्य म्हणणारे ४१ टक्के व अस्वीकार्य म्हणणारे ४० टक्के निघाले. म्हणजे आपल्या सभामंडपात जे हसू उमटले, ते काही एकट्या आमच्या मित्राचे नव्हते. ते आमच्या पिढीचे हसू होते. म्हणूनच त्याची चिकित्सा आमच्या पिढीतील कोणीतरी करणे अगत्याचे आहे.

हा क्रोध आला कोठून? तो निराधार आहे काय? मुळीच नाही. अमेरिकेतील आरोग्यविम्याचा उगम पाहिला तर तो परस्परसाहाय्याचा आहे. १९२९ साली टेक्सासमधील डॅलस शहरी बेलर रुग्णालयाने तेथील शाळाशिक्षकांशी असा करार केला, की प्रत्येकाने दरमहा पन्नास सेंट द्यावे व आजारी पडल्यास एकवीस दिवसांपर्यंत रुग्णालयात शुश्रूषा मिळावी. आपल्याकडे वाडीतील भिशी किंवा जातपंचायतीचा निधी असे, त्याच्याच जातीची ही कल्पना. सर्वांनी थोडे थोडे द्यावे, ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने उचलावे. ह्यात अधर्म कोणता? उलट हा धर्मच होय.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. तेव्हा चांगली माणसे मिळावीत म्हणून कारखानदार पगाराऐवजी विमा देऊ लागले. अशा रीतीने विमा नोकरीस बांधला गेला. नोकरी गेली की विम्याची सावलीही जाण्याची भीती. १९६५ साली वृद्धांसाठी व गरिबांसाठी सरकारी योजना झाल्या. २०१० साली मोठा कायदा होऊन जुन्या आजाराच्या सबबीवर विमा नाकारण्यास २०१४ पासून बंदी झाली. तरीही २०२३ साली त्या देशात अडीच कोटींहून अधिक माणसे विम्यावाचून होती. आणि त्याच वर्षी त्या राष्ट्राने आरोग्यावर सुमारे ४.९ लक्ष कोटी डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के, एवढा खर्च केला.

ज्यांच्यापाशी विमा आहे त्यांचीही स्थिती निश्चिंत नाही. डॉक्टर उपचार सांगतो, कंपनी त्याची पूर्वमंजुरी मागते, कागदपत्रे जातात, आणि कधीकधी उत्तर येते की हा उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही. २०१० च्या कायद्यानुसार सरकारी बाजारपेठेतून जे विमे विकले जातात, त्यांच्या २०२३ सालच्या आकड्यांवरून केएफएफ ह्या संशोधनसंस्थेने दाखविले, की कंपनीच्या यादीतील डॉक्टर व रुग्णालये ह्यांच्याकडून आलेल्या दाव्यांपैकी १९ टक्के नाकारले गेले. नाकारलेल्यांपैकी अपील करणारे शेकडा एकाहूनही कमी. वृद्धांच्या विम्याविषयी अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे हत्येच्या आधी दोन महिन्यांच्या आतच, अहवाल दिला होता. रुग्णालयातून सुटल्यावर लागणाऱ्या शुश्रूषेच्या मागण्या नाकारण्याचे युनायटेड हेल्थकेअरचे प्रमाण २०२० साली १०.९ टक्के होते, ते २०२२ साली २२.७ टक्क्यांवर गेले, असे त्यात नमूद आहे. ह्या आकड्यांच्या मागे किती म्हाताऱ्या आईबापांचे हाल असतील, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विमा कंपनीने आलेला प्रत्येक दावा डोळे मिटून भरला, तर अनावश्यक शस्त्रक्रिया व फुगविलेली बिले ह्यांस आळा राहणार नाही आणि सर्वांचे हप्ते वाढतील. २०१० च्या कायद्याने हप्त्यांतून जमलेल्या रकमेपैकी किमान ८० टक्के, व मोठ्या गटांच्या बाबतीत ८५ टक्के, उपचारांवर वेचणे कंपन्यांस बंधनकारक केले आहे. युनायटेड हेल्थकेअर ज्या समूहाची शाखा आहे त्या समूहाची २०२३ सालची एकूण मिळकत ३७१.६ अब्ज डॉलर होती व निव्वळ नफा सुमारे २२.४ अब्ज, म्हणजे शंभरांत सहा. हा नफा उद्या शून्य केला, तरी औषधांच्या व रुग्णालयांच्या भरमसाट किमती उरतातच. तात्पर्य, दोष आहे, मोठा आहे, परंतु तो एका खुर्चीत बसलेला नाही. तो पुष्कळ खुर्च्यांत वाटलेला आहे.

आणि येथेच आमच्या मते ह्या प्रश्नाचे मर्म आहे. वाल्या कोळ्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वाटसरूंस मारावे, लुटावे, आणि प्रत्येक हत्येमागे एक खडा रांजणात टाकावा. असे सात रांजण भरले. नारदांनी त्यास विचारले, की ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला. बायकोने, मुलांनी, सर्वांनी सांगितले, की अन्नाचे वाटेकरी आहो, पापाचे नाही. त्या उत्तराने वाल्याचे डोळे उघडले.

आता त्या मोठ्या कंपनीचा विचार करा. नकाराचे पत्र पाठविणारा कारकून म्हणतो, मी नियम पाळला. नियम करणारा अधिकारी म्हणतो, मला वर हिशेब द्यावयाचा आहे. वरचा अधिकारी म्हणतो, भागधारकांना नफा हवा. भागधारक म्हणजे कोण? त्यांत निवृत्त शिक्षकांचे निवृत्तिवेतन गुंतविणारे निधीही असतात. तो शिक्षक तर म्हणतो, मला ह्यातले काहीच ठाऊक नाही. वाल्याच्या घरी निदान रांजण तरी दिसत होते. येथे प्रत्येकाच्या हाती खड्याची इतकी बारीक पूड येते, की ती तळहातावरही दिसत नाही. माणूस तर मरतो, पण मारला कोणी हे सांगता येत नाही. अन्नाचे वाटेकरी कोट्यवधी. पापाचा वाटेकरी एकही नाही. आधुनिक संस्थांतील हा सर्वांत भयंकर दोष होय. ज्याच्या आईचा उपचार नाकारला गेला तो दाद मागावयास जातो, तेव्हा त्यास एक मनुष्य भेटत नाही. टेलिफोनवर वाजणारे संगीत भेटते.

मारणाऱ्याने काय केले? त्याने ह्याच्या नेमके उलट केले. सर्वांच्या हातांतील पूड त्याने गोळा केली, तिचे रांजण भरले, आणि ते सारे एकाच माणसाच्या डोक्यावर फोडले. कंपनी म्हणते पाप कोणाचेच नाही. मारणारा म्हणतो पाप एकट्या ह्याचे. दोघांचाही हिशेब खोटा. दोघेही नारदांचा प्रश्न टाळतात. आम्हांस तर वाटते, त्या गोळीला हसणाऱ्यांना जे समाधान मिळाले ते ह्या खोट्या हिशेबाचेच होते. इतकी वर्षे ज्या व्यवस्थेला चेहरा नव्हता, तिला एका पहाटे चेहरा मिळाला. पण तो चेहरा व्यवस्थेचा नव्हता. तो दोन मुलांच्या बापाचा होता. आणि ती खुर्ची? जानेवारी २०२५ मध्ये तिच्यावर दुसरे गृहस्थ आले.

आमच्या मित्राने ह्यावर तीन आक्षेप काढले. ते हलके नाहीत. म्हणून एकेक घेतो.

पहिला आक्षेप असा: शास्त्राने आततायी मारण्यास अनुज्ञा दिली आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारलेला, धन, भूमी वा स्त्री हरण करणारा, असे सहा आततायी स्मृतिकारांनी सांगितले. औषध नाकारणारा हा विष घालणाऱ्यासारखाच नव्हे काय? आमचे उत्तर असे, की आततायीविषयीची अनुज्ञा कशासाठी आहे ते पाहावे. घराला आग लावली जात असता राजाकडे जाण्यास वेळ नसतो. म्हणून त्या क्षणी स्वतःस व आश्रितांस वाचविण्यासाठी हात उचलण्याची ती मोकळीक आहे. ती शिक्षेची सनद नव्हे. जेथे दिवस ठरविता येतो, वाट पाहता येते, काडतुसांवर अक्षरे लिहिता येतात, तेथे वेळ नव्हता असे म्हणता येत नाही. शिवाय कंपनीने सांगितले आहे, की अटक झालेला तरुण तिचा विमाधारक नव्हता. गोळीने त्या पहाटे कोणाही रुग्णाचा जीव वाचला नाही. मग ते संरक्षण कसले?

दुसरा आक्षेप: नियम प्रथम त्यांनी मोडले, मग आम्हीच का पाळावे? हा आक्षेप फार जुना आहे. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा हेच बोलतो. त्याचे दुःख खोटे नव्हते. त्याच्या पित्यास असत्य सांगून शस्त्र खाली ठेवावयास लावले व मग मारले. कृपाचार्य त्यास सांगतात, निजलेल्यांस मारू नये, वडीलधाऱ्यांस विचारावे, पहाट होऊ द्यावी. तेव्हा तो म्हणतो, की पांडवांनी धर्माचा बांध आधीच शतधा फोडला आहे. आणि त्या रात्री तो शिबिरात शिरतो. परिणाम काय झाला? द्रोणांची हत्या धुऊन निघाली नाही. द्रौपदीचे पाच पुत्र मात्र झोपेत मेले. आपल्या माळव्यात आजही लोक सांगतात, की अश्वत्थामा कपाळावरील जखमेसाठी तेल मागत नर्मदेच्या काठी फिरतो. व्यासांनी त्याची तक्रार कोठेही नाकारलेली नाही. त्यांनी केवळ एवढेच दाखविले, की खऱ्या तक्रारीमुळे खोटे कृत्य खरे होत नाही. दुसऱ्याने बांध फोडला म्हणून आपण तो आणखी फोडला, तर पाणी दोघांच्याही शेतात शिरते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, आणि तो महाराष्ट्राच्या अंगणातला आहे. मित्र म्हणाला, "मग चापेकरांचे काय? त्यांच्या तसबिरीस तुम्ही हार घालताच ना?" प्रश्न रास्त आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. घरांची झडती, माणसांस ओढून नेणे, देवघरात बुटांनी शिरणे, ह्यांनी लोक संतप्त झाले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग समितीचा प्रमुख रँड ह्याजवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. तेही एका हरिदासाचे पुत्र. तीही गोळी आजार व अधिकार ह्यांच्या संगमावरच सुटलेली.

ह्या प्रश्नास आम्ही बगल देत नाही. पहिला भेद असा, की १८९७ साली पुणेकर हे प्रजा होते, नागरिक नव्हते. राज्यकर्ता निवडण्याचा वा काढण्याचा अधिकार त्यांस नव्हता. त्याच वर्षी केसरीतील लेखनासाठी टिळकांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. जेथे बोलण्याचा दरवाजा बंद केला जातो, तेथे भिंत फोडणाऱ्याचा न्याय निराळ्या मापाने करावा लागतो. अमेरिकेत हत्येच्या आधी महिनाभरच, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली होती. धनिकांचा पैसा तेथील राजकारण वाकवितो हे खरे. पण वाकलेला दरवाजा आणि बंद दरवाजा ह्यांत अंतर आहे. दुसरी गोष्ट, चापेकरांच्या धैर्यास वंदन करतानाही सत्य विसरू नये. त्या रात्री रँडच्या मागील गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला. गोळी नेहमीच नेमकी नसते. तिसरी गोष्ट, त्याच प्लेगसाठी १८९७ साली केलेला साथरोगांचा कायदा त्या गोळीने गेला नाही. २०२० साली करोनाच्या काळात आपल्या सरकारांनी त्याचाच आधार घेतला.

आणि चौथी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी. त्याच वर्षी, त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्यांस प्लेग झाला होता. रँडवरील गोळीचा इतिहास शाळकरी मुलासही पाठ असतो. सावित्रीबाईंच्या मृत्यूचे कारण किती जणांस ठाऊक असते? क्रोधाची स्मृती टिकते आणि सेवेची विरते, ही आपल्याच मनाची खोड आहे. सभामंडपात मारणाऱ्याचे नाव आठवणे व मृताचे न आठवणे ही त्याच खोडीची दुसरी तऱ्हा.

काही जण म्हणतील, की गोळीचा परिणाम तर झाला. हत्येच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका मोठ्या विमा कंपनीने शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या भुलीच्या वेळेवर मर्यादा घालण्याचा आपला बेत मागे घेतला. परंतु त्या बेताविरुद्ध भूलतज्ज्ञांची संघटना नोव्हेंबरपासूनच ओरड करीत होती, व न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट राज्यांतील अधिकाऱ्यांनी त्यात हात घातला होता. तसेच सरकारी योजनांखालील विम्यांत तातडीच्या पूर्वमंजुरीचे उत्तर ७२ तासांत व इतरांचे सात दिवसांत द्यावे, असा २०२६ पासून लागू होणारा नियम जानेवारी २०२४ मध्येच, म्हणजे गोळीच्या जवळजवळ अकरा महिने आधी, ठरला होता. हे काम अर्ज, साक्षी, आकडे व चिकाटी ह्यांनी झाले. गोळीने निश्चित घडविले ते एवढेच, की कंपन्यांनी आपल्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे काढून टाकली व पहारे वाढविले. ज्या माणसांस रुग्णांनी भेटावयास हवे होते, ती आणखी एक भिंत मागे सरकली.

उरला प्रश्न हसण्याचा. रावण पडल्यावर बिभीषण त्याची उत्तरक्रिया करण्यास कचरत होता. तेव्हा श्रीरामांनी त्यास समजाविले, की वैर मरणापाशी संपते, क्रिया यथासांग कर. रावणाचा अपराध लहान नव्हता. तरी त्याच्या प्रेतापाशी रामचंद्र हसले नाहीत. ज्या क्षणी आपण माणसाच्या मरणास हसतो, त्या क्षणी ज्या कागदाने आपल्या माणसास केवळ एक क्रमांक मानले, त्याच कागदाची भाषा आपण बोलू लागतो. हे आम्ही दुसऱ्यास शिकवीत नाही. आम्ही स्वतः हसलो होतो म्हणून लिहितो.

पण एवढ्यावर थांबलो तर आमचा लेख अर्धवट राहील. कारण त्या गोळीचा निषेध करून जे स्वस्थ बसतात, तेही पापाच्या वाट्यातून सुटत नाहीत. हत्या उघड्यावर घडली म्हणून तिचा निषेध सोपा; नकाराचे पत्र पाकिटात येते म्हणून त्याचा निषेध कोणी करीत नाही. त्या समूहाच्या प्रमुखांनीही हत्येनंतर वृत्तपत्रात लिहून मान्य केले, की ही व्यवस्था जशी चालावयास हवी तशी चालत नाही. मग ती सुधारण्याची जबाबदारी कोणाची? उत्तर वाल्याने दिले आहे. ज्याने अन्न खाल्ले त्याने आपल्या वाट्याचा खडा ओळखावा व उचलावा. कारकुनाने कारकुनाचा, भागधारकाने भागधारकाचा, मतदाराने मतदाराचा.

आमचा मित्र हसला, त्याचेही कारण होते. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मातोश्रींची शस्त्रक्रिया झाली. विमा होता, हप्ते वेळेवर भरले होते. कंपनीने कळविले, की जुना आजार लपविला, सबब दावा अमान्य. मातोश्रींनी हातातील पाटल्या मोडल्या. पुढे कोणीतरी सुचविले म्हणून विमा लोकपालांकडे अर्ज केला. तेथे फी लागत नाही, वकील लागत नाही. निकाल त्यांच्या बाजूने लागला व पैसे आले. पाटल्या मात्र गेल्या त्या गेल्या. हे त्याने आम्हांस त्या एकादशीनंतर चार दिवसांनी सांगितले. इतकी वर्षे तो आमच्याशेजारी आरतीस उभा राहतो. आणि त्याच्या घरी असा प्रसंग गुदरला हे आम्हांस ठाऊक नव्हते. अमेरिकेतील कंपनीच्या निर्विकारपणावर आम्ही तावातावाने बोलत होतो. आमच्या वाट्याचा खडा आमच्याच पायाशी पडला होता.

आपल्या देशातही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या अहवालानुसार २०२३-२४ साली आरोग्यविम्याचे सुमारे ८३ टक्के दावे मिटले, व ११ टक्के नाकारले गेले. मे २०२४ च्या परिपत्रकाने रुग्णालयातील रोकडविरहित उपचारांस एका तासात व घरी सोडतेवेळच्या मंजुरीस तीन तासांत उत्तर देण्याचे, आणि आढावा समितीच्या संमतीवाचून दावा न फेटाळण्याचे बंधन घातले आहे. नियम आहेत, पण नियम वाचणारा जवळ नसेल तर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसास त्यांचा उपयोग नाही.

म्हणून त्या मित्राने व आम्ही असे ठरविले आहे, की दर रविवारी सकाळच्या आरतीनंतर सभामंडपाच्या पूर्वेकडील पडवीत तासभर बसावयाचे. बँकेतून निवृत्त झालेले एक सभासदही येण्यास राजी आहेत. ज्यांस विम्याचा करार समजून घ्यावयाचा असेल, दाव्याचा अर्ज भरावयाचा असेल, किंवा नकाराचे पत्र आले असेल, त्यांनी कागद घेऊन यावे. आम्ही कायदेपंडित नाही. पण चार डोळ्यांऐवजी आठ डोळ्यांनी कागद वाचता येईल. नवा विमा घेताना जुने आजार स्वच्छ लिहावे, हेही सांगू. कारण सत्य आपल्याकडूनही अपेक्षित आहे.

तीर्थरूपांस हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "चांगले आहे. पडवीतला दिवा दुरुस्त करून घ्या." त्याचबरोबर त्यांनी पुन्हा विचारले, त्या मृताचे नाव काय. आम्ही सांगितले. परमेश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो. आणि ज्यांचे उपचार नाकारले गेले व ज्यांची नावे कोणत्याच वृत्तपत्रात आली नाहीत, त्यांच्याही आत्म्यास देवो.

इत्यलम्.